हयातीचा दाखला

डिसेंबरचे निवृत्तिवेतन खात्यात जमा झाले नाही, तेव्हा तावातावाने वडगावहून लोकल पकडली आणि पुणे गाठले. 34 वर्षे बँकेत काढलेला मी! भांडणाचा मसुदा देहूरोडपर्यंत तयार होता. शाखेतल्या मुलीने संगणकात डोकावून हळूच विचारले, "काका, नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला दिला होता का?"

दिला नव्हता. आपण जिवंत आहोत हे कळवायचेच मी विसरलो होतो.

माझ्या नोकरीच्या काळात मी कितीतरी म्हाताऱ्यांना सुनावले होते, "आजोबा, दरवर्षी सांगावं लागतं का?" या मुलीने मला तसे सुनावले नाही. यंत्रावर बोट ठेवायला लावले आणि थकलेली रक्कमही मिळेल म्हणाली. तेवढ्यावर सुटलो.

परतीच्या लोकलमध्ये हेच घोळवत बसलो आणि वडगाव गेले. कामशेतही गेले. मळवलीला डावीकडे लोहगड-विसापूर दिसले तेव्हा भानावर आलो. म्हटले, आता लोणावळाच. ही गाडी घाट उतरत नाही, हा तिचा केवढा उपकार! तिकीट तपासनिसाला खरे ते सांगितले. तो हसला, मीही हसलो आणि दंडाची पावती खिशात घातली.

हसलो खरा, पण पोटात गोळा होता. 1906 साली जर्मन डॉक्टर अल्झायमर यांनी ज्या विकाराची पहिली माहिती मांडली, तो माझ्या थोरल्या भावाला होता. घरात आम्ही बरेच दिवस 'वय झालं' म्हणून त्याची थट्टा केली. एके दिवशी त्याने वहिनीला विचारले, "बाई, तुम्ही कोणाकडच्या?" वहिनी म्हणाली, "तुमच्याकडचीच," आणि त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला. त्या दिवसापासून आमची थट्टा बंद झाली. डॉक्टरकडे आधी न्यायला हवे होते. दुखणे बरे झाले नसते, पण वहिनीला पुढचे दिवस कळले असते.

म्हणून दाराला कुलूप लावताना मी हल्ली स्वतःची परीक्षा घेतो. आमचे डॉक्टर म्हणतात, किल्ली कुठे ठेवली हे विसरलात तर शोधा. किल्ली कशासाठी असते हेच कळेनासे झाले तर माझ्याकडे या. मी अजून शोधणाऱ्यांतला आहे. चष्मा कपाळावर सापडतो, तेव्हा पूर्वी चिडायचो. आता तो सापडला म्हणून बरे वाटते.

लोणावळ्याच्या बाकावर बसलो होतो, तेवढ्यात फोन वाजला.

"पोचलात का?"

"पोचलो."

"मग दार का नाही वाजवलंत?"

"लोणावळ्याला पोचलो."

पलीकडे क्षणभर शांतता. ती शांतता मला ओळखीची आहे. तिलाही भाऊच आठवला असणार. मग मी दाखल्याची हकिगत सांगितली आणि ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "गेलाच आहात तर चिक्की आणा," म्हणाली, "शेंगदाण्याची."

चिक्की घेतली. परतताना कामशेतपासूनच दाराशी उभा राहिलो.