यंत्राची निद्रा आणि घरची वीज

चरकसंहितेनें आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे देहाचे तीन उपस्तंभ सांगितले आहेत. माणसाच्या निद्रेचा असा विचार आमच्या पूर्वजांनीं केला. परंतु हल्लीं घरोघरीं येऊन बसलेल्या संगणकाच्या निद्रेचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. तरुण मंडळी काम आटोपलें कीं यंत्र तसेंच चालू ठेवून उठून जातात. आणि रात्रीं दिवे मालवीत फिरणारे वडीलधारे काटकसरीच्या बुद्धीनें भिंतीवरचें बटण दाबून मोकळे होतात. पहिल्या रीतीनें वीज वायां जाते. दुसऱ्या रीतीनें सुनेनें किंवा नातीनें दिवसभर खपून लिहिलेलें, पण जतन न केलेलें काम नाहींसें होतें, आणि मग सकाळीं घरांत काय होतें तें सांगावयास नको. दोन्ही पक्षांचा हेतु निर्दोष असतो. उणीव असते ती माहितीची.

संगणकाच्या विश्रांतीच्या चार पायऱ्या आहेत. पहिली पडदा मालविण्याची. तींत यंत्र आंतून जागेंच असतें. दुसरीस ‘स्लीप’ म्हणतात. तींत बहुतेक भाग थांबतात, परंतु चालू काम ‘रॅम’ नांवाच्या तात्पुरत्या स्मृतींत राहतें, आणि ती टिकविण्यापुरती थोडी वीज सारखी लागते. तिसरी ‘हायबरनेट’. तींत ही सर्व स्मृति आंतील कायमच्या सांठ्यावर उतरवून यंत्र जवळजवळ पूर्ण बंद होतें. पुन्हां चालू केल्यावर काम होतें तेथूनच पुढें सुरू होतें. चौथी पायरी यंत्र रीतसर बंद करण्याची. तंद्रा आणि सुषुप्ति यांत जो भेद, तोच दुसऱ्या व तिसऱ्या पायरींत आहे. या अवस्थांची सर्वसामान्य नियमावली १९९६ सालीं इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या कंपन्यांनीं प्रथम प्रसिद्ध केली. पडद्यावर हलणारीं चित्रें म्हणजे ‘स्क्रीन सेव्हर’ ही मात्र विश्रांति नव्हे. जुन्या कांचनळीच्या पडद्यावर एकाच चित्राचा डाग पडूं नये म्हणून ती युक्ति निघाली होती. तिनें वीज वांचत नाहीं.

आतां आपल्या जिल्ह्याची गोष्ट. वैशाखांत वावटळ उठली किंवा मृगाचा पहिला पाऊस आला कीं वीज जावयाचीच. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. मेजावरच्या संगणकाला ती नसते. तो ‘स्लीप’मध्यें असतां वीज गेली तर रॅममधील सर्व पुसलें जातें. ‘हायब्रिड स्लीप’ ही सोय चालू असेल, तर कामाची एक प्रत कायमच्या सांठ्यावरहि राहते व तें वांचतें. म्हणून ज्या घरीं इन्व्हर्टर किंवा यूपीएस नाहीं, तेथें रात्रीसाठीं ‘हायबरनेट’ हाच उत्तम पक्ष.

वीज किती वांचते, याचा हिशेब सोपा आहे. मेजावरचा संगणक पडद्यासह नुसता जागा राहून ८० वॉट घेतो असें धरूं. रात्रंदिवस मिळून १२ तास तो असा रिकामा राहिला, तर रोज जवळजवळ १ युनिट, म्हणजे महिन्याला सुमारें ३० युनिटें होतात. महावितरणच्या घरगुती दरांत पहिल्या १०० युनिटांपुढील युनिटांचा दर बराच चढा असतो, हें ध्यानीं धरावें. शिवाय औष्णिक विजेच्या एका युनिटामागें सुमारें अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो. म्हणजे कोणीहि न वापरलेल्या यंत्रासाठीं महिन्याला वीस किलोंच्या आसपास कोळसा भस्म होतो. आपल्याच वणी तालुक्यांत उकणी, कोलारपिंपरी येथें भूमि किती खोल उकरली गेली आहे, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस या आंकड्याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

आतां व्यवस्था. विंडोज प्रणालींत ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टीम’ या भागांत ‘पॉवर’ या नांवाखालीं पडदा व यंत्र किती मिनिटांनीं निजावें तें ठरवितां येतें. पडद्यास ५ व यंत्रास २० मिनिटें पुरेत. ‘हायबरनेट’ पुष्कळदां यादींत दिसत नाहीं. तें ‘कंट्रोल पॅनेल’मधील ‘पॉवर ऑप्शन्स’मध्यें, बटणांचीं कामें ठरविणाऱ्या पानावर चालू करावें लागतें. जेवावयास उठतांना ‘स्लीप’, रात्रीं ‘हायबरनेट’, आणि परगांवीं जातांना यंत्र रीतसर बंद करून मगच भिंतीवरचें बटण, असा क्रम ठेवावा. तरुणांनीं उठण्यापूर्वीं आपलें काम जतन करावें. वडीलधाऱ्यांनीं एवढेंच पाहावें कीं यंत्राचा लहान दिवा पेटलेला वा लुकलुकत असेल, तर आंत कोणाचें तरी काम अर्धवट आहे असें समजून बटणास हात लावूं नये. ज्याचें काम त्यास हांक मारावी. एवढें केल्यानें वीजहि वांचेल आणि घरचा सलोखाहि राहील.