व्यवहारातील गणित : आधी कर्ण ओळखा



गेल्या वैशाखात घनसावंगीच्या आमच्या गोदामावर नवे पत्रे घालण्याचे ठरले. गोदाम चोवीस फूट रुंद. मधोमध आढे आणि दोन्ही अंगांना उतार. मी दुकानात बसल्या बसल्या हिशेब केला. चोवीसचे निम्मे बारा, वळचणीसाठी आणखी एक फूट, म्हणजे तेरा फुटांचा पत्रा. त्या मापाने पत्रे कापून आणले. पहिला पत्रा कैचीवर चढला तेव्हा चूक उघडी पडली. वळचण राखावी तर आढ्यापाशी फूटभर आकाश दिसे. आढे झाकावे तर वळचण उरत नसे आणि पावसाचे पाणी थेट भिंतीत मुरणार. कापून आणलेला माल परत होत नाही. मृग तोंडावर आलेला, आत तुरीची पोती. शेवटी जास्तीचे पत्रे विकत घेऊन जोड द्यावे लागले.

दहावीत शिकणाऱ्या पुतणीने संध्याकाळी वहीच्या मागच्या पानावर आकृती काढली आणि म्हणाली, "काका, तुम्ही जमिनीवरचे अंतर धरले. पत्रा तर उतारावर बसतो."

आमचे आढे भिंतीपेक्षा पाच फूट उंच आहे. भिंतीपासून मध्यापर्यंतचे आडवे अंतर बारा फूट. या दोन बाजूंमध्ये काटकोन आहे आणि उतार हा त्या काटकोनासमोरचा कर्ण. बाराचा वर्ग १४४, पाचाचा वर्ग २५, बेरीज १६९. तिचे वर्गमूळ १३. उतारच तेरा फुटांचा, वळचण धरून पत्रा चौदा फुटांचा हवा होता. पाठ्यपुस्तकात हे पायथागोरसचे प्रमेय म्हणून आपण सर्वांनीच शिकलेले असते. परीक्षा संपली की ते पुस्तकातच राहते.

वास्तविक हा आपल्याच घरातला वारसा आहे. वेरूळचे कैलास लेणे ज्या राष्ट्रकूटांच्या काळात खोदले गेले, त्याच घराण्यातील अमोघवर्ष राजाच्या काळात, इ. स. ८५०च्या सुमारास, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' हा संस्कृत ग्रंथ रचला. पुढे १९१२ मध्ये मद्रास येथे रंगाचार्यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, आणि १९६३ मध्ये आपल्या सोलापूरहून तो हिंदी अनुवादासह निघाला. अशा त्रिकोणाच्या बाजू पूर्णांकात कशा मिळवाव्यात, याची सोपी रीत त्यात दिली आहे. कोणत्याही दोन संख्या 'बीज' म्हणून घ्याव्यात. त्यांच्या वर्गांची वजाबाकी ही एक बाजू, गुणाकाराची दुप्पट ही दुसरी, आणि वर्गांची बेरीज हा कर्ण. बीजे ३ आणि २ घेतली तर ९ वजा ४ म्हणजे ५, सहाची दुप्पट १२, आणि ९ अधिक ४ म्हणजे १३. आमच्या गोदामाचे छप्परच हाती आले! बीजे २ आणि १ घेतली तर ३, ४, ५ मिळतात. पाया आखताना गवंडी गुण्याबरोबर दोरीने जे माप तपासतो, ते हेच.

आता चुका कोठे होतात ते पाहू. मुलांच्या वह्या पाहिल्या आणि स्वतःची फजिती आठवली, तेव्हा ध्यानात आले की बहुतेक चुका आकडेमोडीच्या नसतातच. कोणती बाजू कर्ण आहे हे ठरवण्याआधीच आपण आकडेमोड सुरू करतो.

पंधरा फुटांची शिडी भिंतीला टेकवली आहे आणि तिचा पाय भिंतीपासून नऊ फुटांवर आहे. शिडीचे टोक किती उंचीवर पोहोचेल? घाईत विद्यार्थी २२५ आणि ८१ यांची बेरीज करून वर्गमूळ काढतो. उत्तर साडेसतरा फुटांच्या आसपास येते. पंधरा फुटांची शिडी सतरा फुटांवर पोहोचली कशी, हा प्रश्न त्याच्या मनात येत नाही. येथे शिडीच कर्ण आहे. म्हणून २२५ वजा ८१, म्हणजे १४४, आणि उंची बारा फूट. कर्ण शोधायचा तर वर्गांची बेरीज. कर्ण दिलेला असेल तर वजाबाकी.

वजाबाकी उलटी केली तर उत्तर ऋण येते. ऋण संख्या ही कोणाचाही वर्ग नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही, हे महावीराचार्यांनीच सांगून ठेवले आहे. वर्गमूळाखाली ऋण संख्या दिसली की कर्ण ओळखण्यात चूक झाली, असे खुशाल समजावे.

दुसरी चूक, वर्ग म्हणजे दुप्पट समजण्याची. बाराचा वर्ग चोवीस नव्हे. तिसरी, वर्गमूळ काढायचे विसरून १६९ हेच उत्तर लिहिण्याची. चौथी, बाजूंचीच बेरीज करून कर्ण सतरा मानण्याची. पाचवी खास आपल्या व्यवहारातली : सहा फूट सहा इंच म्हणजे ६.६ फूट नव्हे, ६.५ फूट, कारण फुटाचे इंच बारा. आणि सर्वांत महत्त्वाचे, कोन काटकोन असेल तरच हे प्रमेय लागू पडते. तिरक्या कोपऱ्याच्या जागेवर ते लावले तर बिनचूक आकडेमोडीतूनही चुकीचेच उत्तर निघेल.

आपण व्यापारी माणसे रोजमेळ जुळल्याशिवाय दुकानाचे दार ओढत नाही. तोच मेळ येथेही घालावा. कर्ण प्रत्येक बाजूपेक्षा मोठा आला पाहिजे आणि दोन्ही बाजूंच्या बेरजेपेक्षा लहान. आमचा कर्ण बारापेक्षा मोठा आणि सतरापेक्षा लहान, म्हणजे हिशेब जुळला. एवढे जरी मी त्या दिवशी पाहिले असते, तरी आडव्या बारा फुटांवर उतारही बाराच कसा, हे तत्काळ खटकले असते.

घरातील मुलांसाठी एक काम. आपला प्लॉट तीस बाय चाळीस फुटांचा असेल, तर समोरासमोरच्या कोपऱ्यांतील अंतर किती असावे ते आधी वहीत काढा. मग दोरी घेऊन दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही पन्नास भरले तर कोपरे काटकोनात आहेत. न भरले तर पाया खणण्यापूर्वीच वडीलधाऱ्यांच्या कानावर घाला. आमची पुतणी आता गोदामाचे प्रत्येक माप स्वतः तपासते, आणि तिची सही झाल्याशिवाय मी माल मागवत नाही.