मुलांच्या आरोग्याचा ताळेबंद

व्यापारी घरात वर्षअखेरीस गोदामातील माल मोजला जातो. वहीतील शिल्लक आणि प्रत्यक्षातील माल यांत तफावत आढळली, तर तिचे कारण सापडेपर्यंत मालकाच्या जिवाला स्वस्थता नसते. त्याच घरातला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा शाळा सुटल्यावर कोठे असतो, रात्री किती वाजता झोपतो, त्याच्या मनात काही सलते आहे काय, हे मात्र बहुधा अंदाजावर सोडलेले असते. “आमचा मुलगा तसा नाही” या वाक्यात माया आहे, विश्वास आहे. परंतु मोजणी नाही.

एका लहानशा देशाने ही मोजणी मनावर घेतली, तेव्हा काय घडले हे पाहण्यासारखे आहे. आइसलँडची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास. विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील शाळकरी मुले मद्यपानात युरोपात अग्रेसर गणली जात. 1992 मध्ये तेथील शाळांतून 14 ते 16 वर्षांच्या मुलांकडून प्रश्नावली भरून घेण्यात आली. 1995 व 1997 मध्ये तीच मोजणी पुन्हा झाली. मूल दारू किंवा सिगारेट घेते काय, एवढेच त्यात विचारलेले नव्हते. आईवडिलांबरोबर किती वेळ जातो, रात्री उशिरापर्यंत बाहेर राहणे होते काय, खेळात किंवा एखाद्या छंदात आठवड्यातून किती वेळा भाग घेतला जातो, असेही प्रश्न होते.

उत्तरांची खतावणी मांडली, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. जी मुले आठवड्यातून तीन-चार वेळा शिस्तबद्ध खेळात किंवा उपक्रमात भाग घेत, आईवडिलांच्या सहवासात अधिक वेळ घालवीत, शाळेत आपली कोणाला तरी काळजी आहे असे ज्यांना वाटे आणि जी रात्री उशिरा बाहेर नसत, ती व्यसनापासून बऱ्याच अंशी दूर होती. तोपर्यंत सारा भर व्यसनाचे दुष्परिणाम सांगणाऱ्या भाषणांवर होता. मोजणीने दाखवले की, मुलाला भाषणापेक्षा भोवतालचा दिनक्रम अधिक सावरतो.

मग उपायही त्याच दिशेने योजले गेले. सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर व उन्हाळ्यात बारानंतर एकट्याने बाहेर राहू नये, असा नियम झाला. तंबाखू खरेदीसाठी 18 आणि मद्य खरेदीसाठी 20 वर्षांची वयोमर्यादा ठरली. पालकांनी एकत्र बसून परस्परांत करार केले. खेळ, संगीत, नृत्य यांच्या वर्गांसाठी सरकारी साह्य वाढले. राजधानी रेक्याविक येथे तर प्रत्येक मुलामागे कुटुंबाला यासाठी वार्षिक रक्कम मिळू लागली. सर्वेक्षण मात्र थांबले नाही. प्रत्येक फेरीनंतर निष्कर्ष ताजे असतानाच गावाच्या व शाळेच्या हाती पडत आणि पालकसभेत त्यांवर चर्चा होई.

परिणाम आकड्यांतच पाहावा. मागील महिन्यात दारूची नशा केलेली 15-16 वर्षांची मुले 1998 मध्ये 42 टक्के होती. 2016 मध्ये ती 5 टक्क्यांवर आली. रोज धूम्रपान करणारी 23 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर उतरली. याचे सारे श्रेय एकट्या प्रश्नावलीला देणे योग्य होणार नाही. लहान देश, समृद्ध नगरपालिका, सजग पालक हेही त्यात आले. तराजूने वजन घटत नाही. परंतु तराजूवाचून घटले की वाढले हे कळतही नाही.

आपल्याकडेही अशी मोजणी झाली आहे. 2019 च्या राष्ट्रीय युवा तंबाखू सर्वेक्षणाचे काम मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने पाहिले. 13 ते 15 वर्षांच्या शाळकरी मुलांपैकी 8.5 टक्के मुले कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचे त्यात आढळले. दहा वर्षांपूर्वी हे प्रमाण 14.6 टक्के होते, ही दिलासा देणारी बाब. मात्र धूररहित तंबाखू चाखलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी ती वयाची दहा वर्षे पूर्ण होण्याआधीच चाखली होती. आणि सिगारेट-बिडी ओढणाऱ्या बहुसंख्य मुलांना ती दुकान, पानाची टपरी किंवा फेरीवाला यांच्याकडूनच मिळाली होती. म्हणजे त्या आकड्याचे एक टोक घरात आहे, तर दुसरे दुकानाच्या गल्ल्यापाशी. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकू नये आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकूच नये, असे 2003 चा कायदा सांगतो. तो पाळणे अखेर विकणाऱ्याच्या हाती आहे.

प्रश्न केवळ व्यसनाचा नाही. 2022 मध्ये एनसीईआरटीने सहावी ते बारावीच्या 3 लाख 79 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांकडून मानसिक स्वास्थ्याविषयी माहिती घेतली. अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे चिंतेचे कारण असल्याचे 81 टक्क्यांनी सांगितले. त्या प्रश्नावलीत नाव लिहिणे ऐच्छिक होते, आणि ही गोष्ट लहान नाही. नाव उघड होईल, मार बसेल किंवा घरी कळवले जाईल, असे वाटले की मूल सोयीचे उत्तर लिहिते. मग कागद भरतो, पण हिशेब खोटा उतरतो.

म्हणून पाल्याच्या शाळेत असे सर्वेक्षण होणार असल्याची सूचना आली, तर पालकांनी दोन पथ्ये पाळावीत. पहिले, उद्देश समजून घेऊन संमती द्यावी. मुलाने काय लिहिले हे मात्र त्याला खोदून विचारू नये. दुसरे, पुढच्या पालकसभेत शाळेचा एकत्रित निष्कर्ष मागावा आणि त्यावर काय करायचे ठरले, हेही विचारावे. निष्कर्ष प्रतिकूल आला म्हणून शाळेला बोल लावला, तर पुढच्या वर्षी मोजणीच होणार नाही. तूट दाखवणाऱ्या मुनीमाला कामावरून काढल्याने तूट भरून निघत नाही.

सर्वेक्षणाची वाट न पाहताही एक गोष्ट करता येते. दुकान बंद झाल्यावर रात्रीच्या रोजमेळाला जेवढा वेळ दिला जातो, त्यातील अर्धा तास मुलांबरोबरच्या जेवणाला द्यावा, आणि त्या अर्ध्या तासात गुणांची चौकशी करू नये. आइसलँडच्या आकड्यांनी आईवडिलांच्या सहवासाचे जे मोल दाखवले, ते कोणत्याही घराला परवडणारे आहे. मालातील तूट पुढच्या हंगामात भरून निघते; मुलांचे हे वय मात्र एकदाच येते.