विकेंद्रित इंटरनेट आणि मालकीचा प्रश्न

इंटरनेट पुन्हा वापरणाऱ्यांच्या हाती यावे, लोकांचा पत्रव्यवहार व माहिती चार-दोन बड्या कंपन्यांच्या कोठारांतून सोडवून लहान, स्वायत्त पण परस्परांशी जोडलेल्या केंद्रांवर ठेवली जावी, हा विचार गेली काही वर्षे जगभर आग्रहाने मांडला जात आहे. २०१९ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर-खाते निलंबित झाले. निमित्त होते एका छायाचित्राचे: १९३६ साली हॅम्बुर्गच्या गोदीत सारा जमाव नाझी सलाम करीत असताना हाताची घडी घालून उभा राहिलेला एक कामगार! त्या वेळी भारतातील अनेक वाचक-लेखक 'मॅस्टोडॉन' या विकेंद्रित जाळ्याकडे वळले. २०२२ च्या ऑक्टोबरात एलॉन मस्कने ४४ अब्ज डॉलरला ट्विटरच विकत घेतले, तेव्हा त्याहून कितीतरी मोठी लाट जगभर आली. दोन्ही लाटा ओसरल्या. त्या का ओसरल्या, याचा विचार विकेंद्रीकरणाचे पुरस्कर्ते फारसा करीत नाहीत. नवे यंत्र, नवा प्रोटोकॉल आला की सत्ता आपोआप विखुरली जाईल, अशी त्यांची भाबडी श्रद्धा असते.

वस्तुतः विकेंद्रित व्यवस्था ही काही नवी कल्पना नव्हे. ईमेल मुळापासून तशीच आहे. एका संस्थेच्या सर्व्हरवरून दुसऱ्या संस्थेच्या सर्व्हरवर पत्र जाते. दोघांचा मालक एक असावा लागत नाही. तत्काळ संदेशांच्या बाबतीतही हेच घडू लागले होते. १९९९ साली जेरेमी मिलर या अमेरिकन प्रोग्रामरने 'जॅबर' नावाचा खुला प्रकल्प सुरू केला आणि त्यातून एक्सएमपीपी हा सर्वांना मुक्त असलेला प्रोटोकॉल सिद्ध झाला. २००५ मध्ये गूगलने आपली 'टॉक' सेवा याच प्रोटोकॉलवर उभी केली व २००६ मध्ये ती इतरांच्या सर्व्हरांशी जोडली. खुल्या व्यवस्थेच्या समर्थकांना तो विजय वाटला. परंतु बहुसंख्य वापरणारे गूगलच्या कुंपणात जमा झाल्यावर २०१३ मध्ये कंपनीने 'हँगआउट्स' आणले आणि बाहेरच्यांसाठी असलेले दार लावून घेतले. फेसबुकने २०१० मध्ये अर्धवट उघडलेली अशीच एक खिडकी २०१५ मध्ये बंद केली. खुद्द व्हॉट्सअॅपची उभारणी याच खुल्या प्रोटोकॉलचे रूप बदलून झाली. इतरांशी जोडणी मात्र त्यात कधीच ठेवली गेली नाही. सार्वजनिक श्रमातून निर्माण झालेले ज्ञान विनामूल्य घ्यायचे आणि त्यावर खाजगी मक्तेदारी उभारायची, हा क्रम यापेक्षा स्पष्ट कुठे दिसेल? नियम तेवढे खुले होते. यंत्रे, वीज, तारा आणि पगारी अभियंते भांडवलाच्या ताब्यात होते. निर्णय त्यांनीच केला.

भाषांतर करणाऱ्याला 'क्लाउड' हा शब्द रोज छळतो. 'मेघ' म्हणावे, तर वस्तू तरल, स्वामीहीन आणि आभाळातली वाटते. प्रत्यक्षात तो मेघ नवी मुंबईत ऐरोली-महापे परिसरातील अवाढव्य इमारतींत जमिनीला खिळलेला असतो, वीज खातो, आणि त्याला मालक असतो. विकेंद्रीकरणाची चर्चा या जमिनीवरून सुरू व्हावयास हवी.

ती तशी सुरू झाल्याचे एक उदाहरण स्पेनमधील कॅटलोनियात आहे. दूरसंचार कंपन्यांना नफा दिसेना म्हणून वंचित राहिलेल्या ग्रामीण भागात २००४ साली लोकांनी घरांच्या छपरांवर अँटेना लावून 'गिफी' हे स्वतःचे जाळे विणावयास आरंभ केला. पुढे २००८ मध्ये त्याची विश्वस्त संस्था झाली, ऑप्टिकल फायबरही आले. जो जोडला जातो तो आपल्यापुरता दुवा उभारतो आणि तो सर्वांना वापरू देण्याचे बंधन स्वीकारतो. या जाळ्यावर सेवा विकणाऱ्या छोट्या व्यावसायिकांनाही देखभालीच्या खर्चाचा वाटा उचलावा लागतो. येथे केवळ नियमांची नव्हे, तारांचीही सामाईक मालकी आहे. म्हणूनच ते टिकले.

मग सरकारी मालकी हेच उत्तर समजावे काय? केरळमध्ये २०२३ च्या जूनमध्ये 'के-फोन' हे राज्याच्या मालकीचे जाळे सुरू झाले. २० लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचा संकल्प होता, पण पहिल्या टप्प्याचे लक्ष्य १४ हजार कुटुंबांचेच होते. ही मंद गती टीकेस पात्र आहे, तथापि दिशा योग्य आहे. परंतु तारा सार्वजनिक असल्या म्हणजे त्यांवर लोकांचा ताबा असतोच असे नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरमध्ये इंटरनेट बंद करण्यात आले व फोर-जी सेवा पूर्ववत होण्यास फेब्रुवारी २०२१ उजाडला. बंद करण्याचा हुकूम देणारे शासनच होते, आणि खाजगी कंपन्यांनी तो निमूटपणे पाळला. सार्वजनिक मालकीच्या जोडीला वापरणाऱ्यांचे निर्वाचित नियंत्रण नसेल, तर कळ फक्त एका हातातून दुसऱ्या हातात जाते.

कायद्याचेही काही काम आहे. बड्या संदेश-सेवांनी प्रतिस्पर्धी सेवांना जोडून घेतलेच पाहिजे, असे बंधन युरोपीय संघाने मार्च २०२४ पासून लागू केले. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सअॅपच्या गोपनीयता-धोरणावरून मेटाला २१३ कोटींचा दंड ठोठावला. या कंपनीच्या नफ्यापुढे ही रक्कम किरकोळ आहे, आणि जोडणीच्या सक्तीचा तर त्यात उल्लेखही नाही.

राहिला प्रश्न आपल्याच संघटनांचा. शाखेच्या सभेची सूचना, संपाचा निरोप, मोर्चाची वेळ, हे सारे आज मेटाच्या सर्व्हरवरून जाते. स्वतःचे केंद्र चालविणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, परंतु रात्री बिघाड झाला तर तो दुरुस्त करणारा माणूस लागतो. मॅस्टोडॉनची कित्येक केंद्रे अशा माणसांच्या विनावेतन श्रमांवर चालली आणि ती माणसे थकल्यावर बंद पडली. कामगार संघटना, सहकारी संस्था व ग्रंथालये यांनी एकत्र येऊन या कामासाठी पगारी माणसे नेमावयाची, तर दर सभासदामागे वर्षाकाठी किती वर्गणी पडेल, याचा हिशेब प्रथम मांडला पाहिजे.