आठही दिवे लागले, पुढे?

शिरवळ, केसुर्डी, खंडाळा या पट्ट्यात कारखान्यांच्या शेड उभ्या राहिल्या, तसे कॅमेरे, बायोमेट्रिक हजेरी आणि हायवेवरच्या हॉटेलांत वायफायही आले. (हा खंडाळा लोणावळ्याच्या शेजारचा नव्हे, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा.) केबलिंगची कामं आहेत, पण तपासणी अजून एकाच यंत्रावर उरकली जाते: दोन तुकड्यांचा, एक ते आठ दिवे ओळीनं पेटवणारा टेस्टर. दिवे लागले की फॉल्स सीलिंग बंद आणि बिल तयार.

टेस्टर वाईट नाही. या टोकाची तार त्या टोकाला कितव्या पिनवर पोचली, एवढं तो चोख सांगतो. तुटलेली तार, उलटसुलट बसलेली तार त्यात सापडते. त्यापलीकडचं तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

स्प्लिट पेअर घ्या. नवीन पोरगा जोड्या सरळ ओळीत लावतो: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. दोन्ही टोकांना तसंच. टेस्टर खूश! पण इथरनेटची दुसरी जोडी 3 आणि 6 या पिनांवर चालते. इथे 3 वर हिरव्या पिळातली तार येते आणि 6 वर निळ्या पिळातली. मग पिळाचा उपयोगच संपतो, शेजारच्या जोडीचा सिग्नल मिसळायला लागतो. दोन मीटरच्या पॅचकॉर्डला बहुधा खपून जातं. साठ मीटरवर कॅमेऱ्याचं चित्र अडखळतं, लिंक येते-जाते, आणि आधी कॅमेरा बदलला जातो, मग स्विच. वास्तविक प्लग डोळ्यांसमोर धरला तरी पुरे. पारदर्शक प्लास्टिकमधून बी पद्धतीत 3 वर पांढरी-हिरवी, 4 वर निळी, 5 वर पांढरी-निळी, 6 वर हिरवी दिसली पाहिजे, म्हणजे निळी जोडी हिरवीच्या पोटात. 3 आणि 4 एकाच रंगाच्या दिसल्या तर प्लग कापा. दुसऱ्या टोकाचाही.

दुसरी गोष्ट मालाची. रेट पाडून मागितला की बॉक्स येतो तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा. दिवे त्यावरही छान लागतात. इथे साधा मल्टिमीटर कामाला येतो: लांबच्या टोकाला एकाच जोडीच्या दोन तारा पिळून जोडा आणि अलीकडून रोध मोजा. चांगल्या तांब्याच्या कॅट-5ई केबलला 100 मीटरला साधारण 17 ओहम येतात. आकडा 25 च्या पुढे गेला तर माल सीसीए आहे किंवा तार बारीक आहे. दोन्ही परतच करायचे. पीओईवर कॅमेरे चालवणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण व्होल्टेज वाटेतच पडतं आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा रीस्टार्ट होतो.

तुटलेली जागा शोधायला टीडीआर असलेला टेस्टर हवा. तो तारेत पल्स सोडतो आणि ती तुटलेल्या जागेवरून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. केबलच्या वेष्टणावर मीटरचे आकडे छापलेले असतातच. दोन टोकांची वजाबाकी 62 आली आणि टेस्टर 31 दाखवत असेल, तर प्लग पुन्हा क्रिंप करून काही होणार नाही. मधे कुठेतरी उंदीर किंवा ड्रिल शोधा. बऱ्याच मॅनेज्ड स्विचमध्ये ही चाचणी आयतीच असते, पण ती वापरणारे कमी. मात्र कुठलाही टेस्टर लावण्याआधी केबल पीओईवरून काढा. स्वस्त पॅसिव्ह इंजेक्टर समोर काय आहे हे न बघता थेट व्होल्टेज सोडतात.

लाखांच्या घरातला सर्टिफायर प्रत्येकानं घ्यावा असं आम्ही म्हणणार नाही. मोठ्या कामाला तो भाड्यानं आणावा. पण स्प्लिट पेअर आणि लांबी दाखवणारा टेस्टर काही हजारांपासून मिळतो. तो घ्या आणि कोटेशनमध्ये ‘प्रति पॉइंट तपासणी’ ही ओळ वेगळी लिहा. घासाघीस करताना गिऱ्हाईक पहिल्यांदा तीच खोडेल. खोडू द्या, फक्त तिथे त्याची सही घ्या.