घाम कुणाचा, रक्त कुणाचं

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आलेल्या भाच्याला घेऊन मी तेलीबांध्याच्या काठावर फिरत होते. या तलावाला रायपूरकर हल्ली मरीन ड्राइव्ह म्हणतात. गुपचूप खाता खाता तो म्हणाला, "मावशी, वेरूळचं कैलास इसूंनीच कोरलं असणार. नाहीतर इसूंचं रक्त असलेल्या कुणीतरी. साध्या माणसाचं काम नाही ते."

ज्यांना इसू ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. 'असॅसिन्स क्रीड' ही २००७ पासून चालू असलेली गेममालिका. तिच्या कथेत माणसाच्या आधी पृथ्वीवर इसू नावाची प्रगत जमात होती. तिने राबवून घेण्यासाठी माणूस घडवला. दोघांचा संकर झाला आणि काही माणसांत इसूंचा अंश उतरला. ज्याच्यात तो जास्त, त्याला इतरांना न दिसणारं दिसतं. २०१८च्या 'ओडिसी'तला नायक किंवा नायिका स्पार्टाच्या लिओनिदासचं नातवंड, म्हणून विशेष. गेममध्ये इसू याच पृथ्वीवरचे आहेत. पण अनेक चाहत्यांना ते परग्रहावरून आलेले हवे असतात. मग इतिहासातल्या एकेका थोर माणसाच्या अंगात ते रक्त शोधलं जातं. हे चाहते एखादा संवाद, भिंतीवरचं एखादं चिन्ह ज्या चिकाटीने वाचतात, तेवढ्या चिकाटीने आपल्याकडे पाठ्यसंपादनही फार थोडे करतात. त्यांच्या बुद्धीबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार निष्कर्षाबद्दल आहे. काम मोठं दिसलं की रक्त शोधायचं, ही सवय मला गेमपेक्षा फार जुनी वाटते.

कैलासाचंच घ्या. एकाच कातळातून, वरून खाली कोरत आणलेलं हे आठव्या शतकातलं लेणं राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या नावावर आहे. म. के. ढवळीकरांच्या मते त्याचा मुख्य भाग कृष्णाच्या काळातला, बाकीची भर नंतरची. भिंतींवर छिन्नीचे घाव आजही दिसतात. वेरुळातली अर्धवट सोडलेली कामं पाहिली तर कातळ कसा फोडत नेत, तेही कळतं. पण 'परग्रहवासी'वाल्यांना हे पुरावे नको असतात. त्यांना हवा असतो 'विमान' हा शब्द.

तो शब्द खरोखर आहे. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतल्या कर्काच्या, इसवी सन ८१२-१३च्या बडोदे ताम्रपटात या मंदिराचं वर्णन येतं. रा. गो. भांडारकरांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला होता. विमानांतून जाणारे देव ते मंदिर पाहून थक्क होतात आणि म्हणतात की हे स्वयंभू असलं पाहिजे, घडवलेल्या वस्तूत एवढं सौंदर्य नसतं. नीट वाचा. या श्लोकात आकाशातले लोक प्रेक्षक आहेत. काम खाली झालेलं आहे, आणि वरच्यांना ते माणसाचं वाटत नाही. बाराशे वर्षांपूर्वीच्या कवीने आजच्या चाहत्याचं वाक्य देवांच्या तोंडी घातलं आणि देवांना चुकवलं! पुढे तर घडवणारा स्थपतीही येतो. असं दुसरं आपल्या हातून होणार नाही हे जाणवून तो स्वतःच चकित होतो, की हे आपण केलं तरी कसं? हे आश्चर्य मी ओळखते. कधीतरी आपलंच जुनं भाषांतर वाचताना ते मलाही होतं. त्यासाठी अंगात दुसऱ्या ग्रहाचं रक्त लागत नाही.

त्या स्थपतीला मराठी परंपरेने नावही दिलं. कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरू'त राणी व्रत घेते की मंदिराचा कळस दिसल्याशिवाय अन्न घेणार नाही. पैठणचा कोकास पुढे होतो आणि शिखरापासून खाली कोरायला लागतो, म्हणजे कळस आधी दिसेल. दंतकथाच आहे, पण तिच्यात अडचण आहे, डोकं आहे, कारागीर आहे. मध्य भारतातल्या अकराव्या ते तेराव्या शतकांतल्या कोरीव लेखांत शिल्पकार स्वतःला कोकासाच्या कुळातले म्हणवतात.

इथे भाच्याने मला पकडलं. "मग तेही रक्तच झालं की!" मुद्दा खोटा नाही. आपल्याकडे कारागिरी घराण्याला आणि घराणं जातीला बांधलेलं होतं. पण कोकासाचं नाव सांगणाऱ्या शिल्पकाराला हातात छिन्नी धरायला कुणीतरी शिकवावंच लागलं असणार. नुसता जन्म पुरत नाही. रक्ताच्या सिद्धांतात मात्र ही उमेदवारीच गाळलेली असते.

हे सगळं पडद्यापुरतं राहत नाही. इथून जगदलपूरच्या रस्त्याला कांकेर जिल्ह्यात चारामा लागतं. तिथल्या चंदेली आणि गोटीटोला गावांजवळच्या शैलचित्रांवरून २०१४ साली बातम्या झळकल्या: दहा हजार वर्षांपूर्वीचे परग्रहवासी, उडत्या तबकड्या, आता नासा आणि इस्रोची मदत घेणार. गावकऱ्यांच्या 'रोहेला' लोकांच्या गोष्टी पुरावा म्हणून पुढे आल्या. नाक-तोंड नसलेला चेहरा काढला म्हणजे चित्रकाराने तसा पाहिलाच असला पाहिजे! मुखवटा, पूर्वज, भीती, थट्टा, यांतलं काहीच त्याला सुचू शकत नाही? युरोपातल्या चर्चच्या छतावर पंखवाली माणसं रंगवलेली असतात. तिथे आपण चित्रकाराची कल्पनाशक्ती वाखाणतो. बस्तरच्या वाटेवरच्या चित्रकाराला मात्र फक्त साक्षीदाराची जागा.

"एवढं काय, गेमच तर आहे," असं म्हणणाऱ्यांना सांगते, गेम माझ्या बाजूने आहे. त्याच्या कथेत राबणारी माणसं इसूंविरुद्ध बंड करतात. चाहते ते बंड विसरून मालकांशी नातं जुळवत बसतात. आणि नावातला 'क्रीड' हा शब्द मी मराठीत आणला तर 'पंथ' म्हणेन. पंथात माणूस दीक्षा घेऊन शिरतो.

पण बोट फक्त चाहत्यांकडे का दाखवू? 'खाण तशी माती' आपण म्हणतो. हुशार मुलाला 'जात्याच हुशार' म्हणतो आणि त्या शब्दात काय दडलंय ते ऐकत नाही. परवा एका कार्यक्रमात मला कौतुकाने सांगण्यात आलं की पिढ्यान् पिढ्या छत्तीसगढात राहूनही 'मराठी तुमच्या रक्तात टिकली'. रक्तात काही टिकलं नव्हतं. दुपारच्या झोपेवर पाणी सोडून आजी मला मोठ्याने वाचायला लावायची, आणि हिंदी लिंग घुसलं की वाक्य पुन्हा म्हणायला लावायची. त्या दुपारी तिच्या होत्या, आणि कौतुक रक्ताचं झालं.

परतताना भाच्याला विचारलं, हा तलाव कुणी खोदला असेल? तो हसला, "हा काय, कुणीही खोदेल." नावात तेली आहे, बांध आहे, आणि तरी हे उत्तर. अनुपम मिश्रांनी 'आज भी खरे हैं तालाब' (१९९३) लिहिलं ते अशा 'कुणीही'साठीच. साधं दिसलं तर 'कुणीही', अचाट दिसलं तर 'वरून आलेला'. दोन्हीकडे खोदणारा नाहीसा होतो.

पुढच्या सुट्टीत आम्ही वेरूळला जाणार आहोत. मी त्याला आधी भिंतीवरचे छिन्नीचे घाव मोजायला लावणार आहे.