एका रेषेत दोन घराणी: वाशीमचा ताम्रपट आणि सिकलसेलची पट्टी

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. परंतु १९३९ पूर्वी ही शाखा इतिहासाला अज्ञातच होती. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील झिजलेल्या शिलालेखातले राजे अभ्यासक मुख्य शाखेचेच मानत होते. त्यांतील एक नाव ‘पृथिवीषेण’ असे वाचले गेले होते. पुढे वाशीमला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट मिळाला, वा. वि. मिराशींनी दोन्ही लेख ताडून पाहिले आणि ते नाव ‘विंध्यसेन’ असल्याचे स्पष्ट झाले. एकाच वंशावळीत कोंबलेली दोन घराणी वेगळी झाली.

आजचा धागा मात्र वाकाटकांवर नाही, रक्तावर आहे. चूक तीच आहे आणि ती विदर्भात अजूनही घडू शकते.

१९४९ मध्ये लायनस पॉलिंग, हार्वी इटानो आणि सहकाऱ्यांनी सिकलसेल रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युत्प्रवाहाच्या क्षेत्रात सोडले. ते निरोगी हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीने सरकले. एखाद्या आजाराचे मूळ रेणूच्या रचनेत असते, हे प्रथमच दिसून आले. हेच इलेक्ट्रोफोरेसिस. १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये सिकलसेल आढळल्याची नोंद झाली आणि १९५८ मध्ये शुक्ला व सोळंकी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातील सिकलसेलविषयी लिहिले. विदर्भाच्या सामाजिक इतिहासाचे हे एक महत्त्वाचे साधन आहे, आणि आपल्या अभ्यासक्रमांत ते कुठेच नसते याचे मला वैषम्य वाटते.

गोष्ट इथे संपली असती तर सोपी होती. १९५१ मध्येच इटानो यांना असे एक हिमोग्लोबिन सापडले, जे सिकलसेलच्या ‘एस’इतक्याच गतीने सरकत होते, पण ‘एस’ नव्हते. त्याला पुढे ‘डी’ म्हटले गेले. पंजाबात ते पुष्कळ आढळत असल्याने ‘डी-पंजाब’ हे नाव रूढ झाले. कारण साधे आहे. ‘एस’मध्ये बीटा साखळीच्या ६ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, ‘डी-पंजाब’मध्ये १२१ व्या जागी ग्लुटामिन. दोन्हींत ऋणभार सारखाच घटतो. नेहमीच्या अल्कधर्मी द्रावणात गती मुख्यतः भारावर ठरते, म्हणून दोन्हींची रेषा एकाच जागी उमटते.

१९५५ मध्ये ऑलिव्हर स्मिथीज यांनी स्टार्चची जेल वापरात आणली. आई कपड्यांना खळ करत असे आणि ती थंड झाल्यावर घट्ट होत असे, ही बालपणीची आठवण त्यांना उपयोगी पडली. या जेलमध्ये प्रथिने भाराबरोबर आकारानेही गाळली जाऊ लागली. तरी ‘एस’ आणि ‘डी’ आकारानेही सारखेच! उपाय निघाला तो माध्यम बदलून. १९५७ मध्ये आम्लधर्मी सायट्रेट अगारची पद्धत आली. तिच्यात ‘डी’ निरोगी ‘ए’च्या जागी राहते आणि ‘एस’ वेगळे पडते. रक्त तेच, प्रश्न विचारण्याची रीत निराळी.

आता हे सारे घरात आणून पाहा. गावपातळीवर सोल्युबिलिटी चाचणी होते: नळीतील द्रावण गढूळ झाले, मागच्या रेघा दिसेनाशा झाल्या की ‘एस’ आहे. पण तो वाहक की रुग्ण, हे ती सांगत नाही. ‘डी’ला आणि बीटा थॅलेसेमियाच्या वाहकाला तर ती ओळखतच नाही. समजा, आई ‘एएस’ आहे आणि वडील ‘डी’चे वाहक. वडिलांची सोल्युबिलिटी नकारात्मक, म्हणजे लोकांच्या लेखी ते ‘नॉर्मल’. मूल ‘एसडी’ जन्मले, तर अल्कधर्मी पट्टीवर ते हुबेहूब ‘एसएस’ दिसते. एकच पालक वाहक असताना मूल ‘एसएस’ कसे? हा प्रश्न आपल्याकडे बाईच्या चारित्र्यावरच जाऊन थांबतो. आणि लग्न जुळवताना ‘मुलाची चाचणी नॉर्मल आली’ म्हणून निश्चिंत झालेल्यांना कोणी सावध केलेलेच नसते.

‘एसडी’चा त्रासही तीव्र असू शकतो, मग नावाने काय फरक पडतो, असे कोणी म्हणेल. रुग्णाच्या औषधोपचारात कदाचित फारसा पडणार नाही. पुढच्या बाळाच्या गर्भनिदानात, भावंडांच्या लग्नात आणि त्या आईच्या वाट्याला येणाऱ्या संशयात मात्र नक्कीच पडतो.

मोठ्या प्रयोगशाळांतील एचपीएलसी यंत्र आज ‘एस’ आणि ‘डी’ वेगळे दाखवते. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली (योगायोगाने वाशीम जिल्ह्याच्या पंचविसाव्या वाढदिवशी) आणि तिचे लक्ष्य सात कोटी लोकांच्या तपासणीचे आहे. आकडा मोठा आहे. माझा आग्रह मात्र लहान आहे. प्रत्येक अहवालावर निष्कर्षासोबत पद्धतीचे नावही छापावे, आणि केवळ एका पद्धतीवर ‘एसएस’ किंवा ‘नॉर्मल’ असा शिक्का मारू नये. एका झिजलेल्या शिलालेखावरून वंशावळ ठरवणाऱ्याला आपण विद्यार्थीही हसतो.

वाशीम, मानोरा, मंगरुळपीर, कारंजा या भागांतील वाचकांच्या घरी जुने अहवाल असतील, तर ते रद्दीत देऊ नका. त्यावर कोणती पद्धत लिहिली आहे ते पाहा. केवळ ‘पॉझिटिव्ह’ एवढेच लिहिले असेल, तर ते घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जा.